पित्ताची गोळी : सुरू करणारे अनेक, थांबवणारा कोण?

महाराष्ट्रातील कोणत्याही कामगार वा मध्यमवर्गीय कुटुंबातील औषधांचा डबा उघडून पाहावा. रक्तदाबाची गोळी असेल किंवा नसेल, मधुमेहाची असेल किंवा नसेल. पित्ताची गोळी मात्र बहुधा सापडतेच. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल, इसोमेप्राझोल अशी तिची शास्त्रीय नावे. व्यापारी नावे तर शेकड्यांनी आहेत. ताप आला, दात दुखला, गुडघा धरला, कोणत्याही कारणाने दवाखान्याची पायरी चढली, तरी औषधचिठ्ठीवर अखेरची ओळ तिचीच असते. ‘इतर गोळ्यांनी पित्त होऊ नये म्हणून’ असे तिचे समर्थन केले जाते. इतर गोळ्या पाच दिवसांत संपतात. ही मात्र पुढे चालू राहते. महिने जातात, वर्षे जातात, आणि सकाळच्या चहाआधीची गोळी हा घरातील नित्यनेम होऊन बसतो.

ही गोळी वर्षानुवर्षे घेणे सुरक्षित आहे काय, हा प्रश्न आता सर्वत्र विचारला जातो. त्याची दोन तयार उत्तरे मिळतात. पहिले उत्तर औषधविक्रेत्याच्या गल्ल्यावर मिळते : ‘काही होत नाही, लाखो लोक घेतात.’ दुसरे उत्तर भीतीच्या बाजारात मिळते : ‘हे विष आहे; मूत्रपिंडे जातात, हाडे मोडतात, स्मृती जाते; आजच फेकून द्या.’ बहुराष्ट्रीय कंपन्यांवरील आपल्या रास्त रोषामुळे आपल्या कार्यकर्त्यांनाही हे दुसरे उत्तर जवळचे वाटण्याचा संभव आहे. परंतु दोन्ही उत्तरे सारखीच बेजबाबदार आहेत. ज्याला या औषधाची खरी गरज आहे, त्याच्यासाठी ते आधुनिक वैद्यकातील मोठ्या वरदानांपैकी एक आहे. ज्याला गरज नाही त्याला ते अमर्याद काळ देत राहणे हा मात्र सामाजिक अपराध आहे, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो. हा भेद स्पष्ट करणे एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

वरदान कोणाचे?

प्रथम औषधाच्या बाजूने बोलले पाहिजे. पन्नास वर्षांपूर्वी जठरव्रण, म्हणजे अल्सर, हा माणसाला आयुष्यातून उठवणारा आजार होता. पोटात रक्तस्राव होऊन किंवा आतड्याला छिद्र पडून माणसे दगावत. उपाय म्हणजे शस्त्रक्रिया : जठराचा भाग कापून काढणे अथवा आम्लाची आज्ञा वाहून नेणारी मज्जा तोडणे. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून निघालेले सिमेटिडिन १९७६ साली ब्रिटनच्या बाजारात आले. पुढे १९८१ मध्ये रॅनिटिडिन आले. शस्त्रक्रियेवाचून अल्सर भरून येऊ लागला. ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, आणि त्याच वर्षी स्वीडनच्या अ‍ॅस्ट्रा कंपनीने ओमेप्राझोल बाजारात आणले. आज घरोघर आढळणाऱ्या सर्व ‘प्राझोल’ गोळ्या याच कुळातील आहेत.

या गोळ्यांचे कार्य समजून घेण्यासारखे आहे. जठराच्या अस्तरातील विशिष्ट पेशींमध्ये आम्ल बाहेर फेकणारे सूक्ष्म पंप असतात. रक्ताच्या तुलनेत जठररस दहा लाख पटींहून अधिक आम्ल होतो, तो या पंपांमुळे. ‘प्राझोल’ गोळी या पंपांना कायमची कडी घालते. शरीराने नवे पंप घडवले तरच पुन्हा आम्ल तयार होते. पंप चालू असतानाच ती त्यांना गाठू शकते, म्हणून जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावयाची. तिचा पूर्ण परिणाम दिसण्यास काही दिवस लागतात. जेवणानंतर जळजळ सुरू झाली की घाईघाईने ती गिळणाऱ्या असंख्य लोकांना हे कोणी सांगितलेलेच नसते. त्यांना हवा असतो तात्काळ उतारा, आणि तो साध्या पातळ आम्लशामक औषधानेही मिळाला असता.

काही रुग्णांना ही गोळी दीर्घकाळ, प्रसंगी जन्मभर लागते. हृदयविकारासाठी रोज अ‍ॅस्पिरिन घेणारे आणि त्यातही वयाने मोठे किंवा पूर्वी पोटात रक्तस्राव झालेले रुग्ण. संधिवातासाठी वेदनाशामके घ्यावीच लागणारे. आम्ल वर येऊन ज्यांच्या अन्ननलिकेला गंभीर जखमा झाल्या आहेत किंवा तिच्या अस्तरात बदल झाला आहे असे लोक, या सर्वांना ती रक्तस्रावापासून किंवा त्याहून वाईट परिणामांपासून वाचवते. वर्तमानपत्रातील कात्रण वाचून यांनी गोळी सोडली तर जिवावर बेतू शकते. हे आधी ठसठशीतपणे सांगून मगच पुढचे बोलता येईल.

आरोपांचे वजन

आता आरोपांकडे वळू. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या गोळ्यांबाबत एकामागून एक इशारे दिले. खुबा, मनगट आणि मणक्याच्या अस्थिभंगाचा २०१० साली, रक्तातील मॅग्नेशियम घटण्याचा २०११ साली आणि आतड्यातील एका चिवट जंतूमुळे होणाऱ्या अतिसाराचा २०१२ साली. अमेरिकेतीलच एका मोठ्या अभ्यासाने २०१३ मध्ये दाखवले की, दोन वर्षे वा अधिक काळ ही गोळी घेणाऱ्यांत जीवनसत्त्व ब-१२ ची कमतरता आढळण्याची शक्यता सुमारे ६५ टक्क्यांनी अधिक होती. त्या अभ्यासात ही कमतरता असलेले सुमारे २६ हजार रुग्ण तपासले गेले होते. मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराशी असलेला संबंध २०१६ मध्ये पुढे आला. त्याच वर्षी जर्मनीतील एका अभ्यासाने स्मृतिभ्रंशाशीही नाते जोडले.

ही यादी वाचून कोणाचीही छाती दडपेल. पण शास्त्रीय पुरावा तोलण्याची शिस्त आपण पाळली पाहिजे. यांतील बहुतेक अभ्यास निरीक्षणाचे आहेत. म्हणजे गोळी घेणारे आणि न घेणारे यांच्या नोंदींची केवळ तुलना त्यांत केली आहे. गोळी घेणारे लोक मुळातच अधिक आजारी, अधिक वयस्क, अधिक औषधे घेणारे असतात. त्यांचे हाड मोडले किंवा मूत्रपिंड थकले, तर दोष गोळीचा की मूळच्या दुखण्याचा, हे अशा नोंदींवरून ठामपणे सांगता येत नाही. स्मृतिभ्रंशाचा आरोप तर पुढील अनेक अभ्यासांत टिकला नाही.

या प्रश्नावरील सर्वांत भक्कम पुरावा २०१९ साली आला. हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार असलेल्या १७,५९८ रुग्णांपैकी निम्म्यांना पँटोप्राझोल आणि निम्म्यांना हुबेहूब दिसणारी बिनऔषधी गोळी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने देण्यात आली, आणि सुमारे तीन वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले. न्यूमोनिया, अस्थिभंग, मूत्रपिंडविकार, स्मृतिभ्रंश यांपैकी कशातही दोन गटांत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. फरक दिसला तो आतड्याच्या जंतुसंसर्गात : बिनऔषधी गटात दर हजारी सुमारे १० जणांना, तर पँटोप्राझोलच्या गटात सुमारे १४ जणांना तो झाला.

या आकड्यांचा अर्थ असा की, सनसनाटी मथळ्यांनी उभे केलेले भूत बरेचसे पोकळ आहे. मात्र ‘काही होत नाही’ असे म्हणण्याचा परवानाही त्यातून मिळत नाही. तो प्रयोग तीन वर्षांचा होता. आपल्याकडे माणसे दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे ही गोळी घेत आहेत. शिवाय ब-१२ चा साठा यकृतात वर्षानुवर्षे पुरतो, त्यामुळे त्याची तूट उशिरा उघडी पडते. आणि मुख्य म्हणजे, जिथे लाभ शून्य आहे तिथे लहानशी जोखीमही समर्थनीय ठरत नाही. अल्सरमधून रक्तस्राव होण्याचा धोका टाळण्यासाठी थोडी जोखीम पत्करणे शहाणपणाचे आहे. पण लग्नसराईत दोन दिवस जेवण जड झाले म्हणून सुरू झालेली गोळी पाच वर्षे चालवण्यात कोणते शहाणपण आहे?

आपल्या मातीतील धोका

परदेशी संशोधन जसेच्या तसे उचलून आपल्याकडे लावण्यात एक अडचण आहे. तेथील आणि येथील शरीरे ज्या परिस्थितीत वाढतात, ती परिस्थितीच वेगळी आहे. जठरातील आम्ल निसर्गाने उगाच दिलेले नाही. अन्नपाण्यातून येणाऱ्या जंतूंचा ते पहिल्या दारावरच नाश करते. अन्नातील ब-१२ ते प्रथिनांपासून सुटे करते. डाळी-भाज्यांतील लोह शोषून घेण्यास मदत करते. ज्या देशात नळाचे पाणी निर्धास्तपणे पिता येते आणि जेवणात मांस, दूध, अंडी विपुल असतात, तेथे हे आम्ल थोडे कमी झाले तरी शरीर निभावून नेते. आपल्याकडे काय स्थिती आहे?

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील खेड्यांतील, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली होती. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत ब-१२ ची पातळी कमी आढळली. शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. ज्या समाजात ब-१२ आणि लोह यांचा मुळातच दुष्काळ आहे, त्या समाजात ती शोषून घेण्याचे साधन कारणावाचून वर्षानुवर्षे बंद ठेवणे म्हणजे दुष्काळी गावातील विहिरीवर झाकण टाकण्यासारखे आहे.

यात आणखी एक गोष्ट मिसळते. मधुमेहासाठी सर्रास दिले जाणारे मेटफॉर्मिन हे औषधही ब-१२ चे शोषण कमी करते. शाकाहारी, साठी ओलांडलेला, दहा वर्षे मेटफॉर्मिन आणि तितकीच वर्षे पित्ताची गोळी घेणारा माणूस आपल्या प्रत्येक गल्लीत आहे. त्याच्या तळपायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, थकवा जाणवतो, नावे आठवत नाहीत. घरचे म्हणतात वय झाले. डॉक्टर म्हणतात साखरेमुळे होते. ब-१२ ची एक तपासणी करावी आणि पित्ताची गोळी अजून का चालू आहे, हे विचारावे, असे फार थोड्यांना सुचते.

भारत सरकारच्या औषध नियंत्रकांनी २०१९ साली राज्यांना कळवले की, या गोळ्यांच्या माहितीपत्रकात मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याच्या संभवाचा उल्लेख असला पाहिजे. ही नोंद योग्यच होती. परंतु आपल्याकडे गोळ्यांची पट्टी कात्रीने कापून चार-चार गोळ्या विकल्या जातात. त्यांच्याबरोबर माहितीपत्रक कोणाच्या हाती पडते? आणि पडलेच, तर त्यातील बारीक इंग्रजी अक्षरे वाचणार कोण?

याहून गंभीर प्रश्न जोडगोळ्यांचा आहे. आपल्या बाजारात पँटोप्राझोल किंवा राबेप्राझोल यांच्याबरोबर डोमपेरिडोन एकाच गोळीत घालून सर्रास विकले जाते. डोमपेरिडोन हे उलटी-मळमळीचे औषध. हृदयाच्या ठोक्यांत घातक अनियमितता येण्याच्या भीतीने युरोपातील औषध यंत्रणेने २०१४ साली त्याचा वापर केवळ मळमळ-उलटीपुरता मर्यादित केला, साधारणतः एक आठवड्याहून अधिक काळ देऊ नये असे सांगितले, आणि पोटफुगी व जळजळ यांसाठी ते वापरण्यास मनाई केली. ज्या तक्रारींसाठी तेथे बंदी आली, नेमक्या त्याच तक्रारींसाठी आपल्याकडे ते महिनोन्‌महिने गिळले जात आहे. लेव्होसल्पिराइड नावाचे दुसरे औषधही याच रीतीने जोडले जाते. त्यामुळे वृद्धांत हातपाय कापणे, हालचाली मंदावणे अशी कंपवातासारखी लक्षणे उद्भवू शकतात. म्हणजे पित्ताची गोळी ‘बिनधोक’ म्हणून घेणाऱ्याला आपण नक्की काय गिळतो आहोत, याचाही पत्ता नसतो.

एकदा सुरू, कायम सुरू

मग लोक ही गोळी सोडत का नाहीत? ‘सोडून पाहिली, पण दोन दिवसांत पुन्हा जळजळ सुरू झाली, म्हणजे मला तिची गरजच आहे,’ असे अनेक जण प्रामाणिकपणे सांगतात. या अनुभवामागे एक शारीरिक सत्य आहे, आणि ते फारच थोड्या रुग्णांना सांगितले जाते. आम्ल दाबले की शरीर आम्लाची मागणी करणारे संप्रेरक अधिक प्रमाणात सोडते, आणि आम्ल निर्माण करणारी यंत्रणा हळूहळू वाढते. जोवर गोळी आहे तोवर ती वाढ दबलेली राहते. गोळी थांबताच पूर्वीपेक्षाही जास्त आम्ल उसळते, आणि ते काही आठवडे टिकू शकते.

डेन्मार्कमध्ये याची परीक्षा झाली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात पोटाची कसलीही तक्रार नसलेल्या १२० निरोगी स्वयंसेवकांचे दोन गट केले. एका गटाला आठ आठवडे इसोमेप्राझोल आणि नंतर चार आठवडे बिनऔषधी गोळी, दुसऱ्याला बाराही आठवडे बिनऔषधी गोळी. औषध बंद झाल्यानंतरच्या काळात पहिल्या गटातील ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट ढेकर अशा तक्रारी सुरू झाल्या. दुसऱ्या गटात हे प्रमाण १५ टक्के होते. हे लोक मुळात निरोगी होते, हे लक्षात घ्यावे. ज्या दुखण्यावर गोळी द्यायची, तेच दुखणे गोळी सोडताना तात्पुरते निर्माण व्हावे, आणि रुग्णाने ते आपल्या मूळ आजाराचे लक्षण समजून पुन्हा गोळीकडे वळावे! याहून हुकमी गिऱ्हाईक कोणत्या व्यापाऱ्याला लाभेल? कंपन्यांनी औषध या हेतूने बनवले असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण हा गुणधर्म ठाऊक झाल्यानंतरही प्रत्येक चिठ्ठीवर थांबण्याची तारीख येत नाही, याचा जाब विचारलाच पाहिजे.

नफ्याचे गणित

या बाजाराचे स्वरूप समजण्यासाठी एक उदाहरण पुरेसे आहे. ओमेप्राझोलचे अमेरिकेतील पेटंट २००१ साली संपत होते. त्याच वर्षी त्याच कंपनीने, जी एव्हाना विलीनीकरणानंतर अ‍ॅस्ट्राझेनेका झाली होती, तेथे इसोमेप्राझोल बाजारात आणले. ओमेप्राझोलमध्ये उजव्या-डाव्या हातांसारखे एकमेकांचे आरशातील प्रतिबिंब असणारे दोन रेणू असतात. त्यांतील एकच वेगळा काढला आणि नवे औषध, नवे पेटंट, नवी किंमत उभी राहिली. जांभळ्या गोळीच्या जाहिरातींनी अमेरिका भरून गेली. पुढे मूत्रपिंडाच्या इजेबाबत हजारो दावे दाखल झाले. २०२३ मध्ये कंपनीने दोष मान्य न करता साडेबेचाळीस कोटी डॉलर देऊन ते मिटवण्याचे जाहीर केले. तेथील रुग्णांपाशी निदान न्यायालयाचा मार्ग तरी होता.

याउलट विज्ञानाचा दुसरा प्रवाह पाहा. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी दाखवले की, बहुसंख्य अल्सरचे कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू आहे. कोणी विश्वास ठेवेना म्हणून १९८४ साली मार्शल यांनी त्या जंतूंचे द्रावण स्वतः प्राशन करून जठरदाह ओढवून घेतला. दोघांना २००५ मध्ये नोबेल मिळाले. दोन प्रतिजैविके आणि एक प्राझोल गोळी असा दहा-चौदा दिवसांचा उपचार केला, तर असा अल्सर मुळापासून बरा होऊ शकतो. हा जंतू जठराच्या कर्करोगाचेही एक कारण आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच मान्य केले. दाट वस्ती, अपुरे पाणी, अस्वच्छता यांत तो फोफावतो. म्हणून तो गरिबांचा जंतू आहे. तरीही त्याची तपासणी आपल्या सार्वजनिक दवाखान्यांत सहजासहजी होत नाही, आणि चौदा दिवसांत जो बरा झाला असता तो माणूस चौदा वर्षे गोळी गिळत राहतो.

अमेरिकेत चिठ्ठीवाचून मिळणाऱ्या ओमेप्राझोलच्या खोक्यावर स्पष्ट छापलेले असते : चौदा दिवस घ्या, आणि चार महिन्यांच्या आत डॉक्टरांना विचारल्यावाचून पुन्हा घेऊ नका. आपल्याकडे कायद्याने ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकताच येत नाहीत; प्रत्यक्षात ती कोणत्याही मेडिकलमध्ये नुसते नाव घेतले तरी मिळतात. म्हणजे कायदा अमेरिकेहून कडक आणि व्यवहार अमेरिकेहून सैल, असा हा प्रकार आहे.

जयसुखलाल हाथी समितीने १९७५ साली दिलेल्या अहवालात ११७ आवश्यक औषधांची यादी, व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करणे, परदेशी औषध कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण अशा शिफारशी केल्या होत्या. त्यानंतर अर्धे शतक लोटले. लोकविज्ञान संघटनेसारख्या गटांनी विवेकी औषधवापराचा प्रश्न महाराष्ट्रात सातत्याने मांडला. तरी एकाच औषधाची शेकडो व्यापारी नावे, निरर्थक जोडगोळ्या आणि डॉक्टरांच्या दारातील विक्रीप्रतिनिधींची रांग कायम आहे. औषध कंपन्यांनी डॉक्टरांना भेटी व परदेशवाऱ्या देऊ नयेत अशी संहिता केंद्राने मार्च २०२४ मध्ये जाहीर केली. पण तिचा भंग झाल्यास चौकशी कंपन्यांच्याच संघटनांनी नेमलेल्या समित्यांनी करावयाची! कुंपणालाच शेताची राखण सांगितल्यावर दुसरे काय होणार?

जळजळ कोठून येते?

या सर्वांत एक प्रश्न विसरला जातो. इतक्या लोकांच्या छातीत जळजळ होते तरी का? तंबाखू, दारू, वाढलेले वजन, रात्री उशिरा जेवून लगेच आडवे होणे ही कारणे सर्वज्ञात आहेत. पण रात्रपाळीवरून परतणारा कामगार आठ वाजता जेवू शकत नाही. लोकलच्या दोन-दोन तासांच्या प्रवासानंतर घर गाठणारी स्त्री सर्वांचे आटोपून अकरा वाजता ताटावर बसते आणि पहाटे उठायचे म्हणून लगेच पाठ टेकते. दिवसभर वाकून काम करणारा अंगदुखीसाठी वेदनाशामक गोळी खातो, आणि त्या गोळीने जठराला इजा होते. ज्यांचे हातावर पोट आहे, त्यांच्या पोटाचे दुखणे त्यांच्या कामाच्या तासांत आणि जेवणाच्या सुट्टीत दडलेले आहे. समाजाने उत्पन्न केलेले दुखणे व्यक्तीच्या खिशातील गोळीवर ढकलून देणे ही व्यवस्थेची जुनीच रीत आहे. गोळी स्वस्त, पाळी बदलणे महाग!

कार्यकर्त्यांनी काय करावे?

पहिली गोष्ट, भीती पसरवू नये. कोणालाही ‘गोळी फेकून द्या’ असे सांगू नये. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली दिलेला सल्ला विवेकी आहे : गोळी थांबवावी ती तिची गरज उरली नाही म्हणून, दुष्परिणामांच्या धास्तीने थांबवू नये. ज्यांना पूर्वी रक्तस्राव झाला आहे, जे अ‍ॅस्पिरिन, रक्त पातळ करणारी औषधे किंवा वेदनाशामके घेतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून काहीही बदल करू नये. गिळताना घास अडकणे, कारणावाचून वजन घटणे, काळी शौचास होणे, रक्ताची उलटी ही लक्षणे असतील तर गोळीवर विसंबून न राहता तत्काळ तपासणी करवून घ्यावी.

दुसरी गोष्ट, प्रत्येक रुग्णाला तीन प्रश्न विचारायला शिकवावे : ही गोळी मला नेमकी कशासाठी? किती दिवसांसाठी? आणि थांबवायची कशी? सोडताना डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा निम्मी करणे, दिवसाआड घेणे, मधल्या काळात जळजळ झाली तर साधे आम्लशामक वापरणे, आणि सुरुवातीची उसळी काही आठवड्यांत ओसरते हे आधीच ठाऊक असणे, एवढ्याने अनेकांची सुटका होते. जे वर्षानुवर्षे घेत आहेत आणि ज्यांना ती घ्यावीच लागणार आहे, त्यांनी ब-१२ ची तपासणी करून घ्यावी. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी तर अवश्य.

तिसरी गोष्ट मागण्यांची. प्रत्येक औषधचिठ्ठीवर या गोळीसमोर कारण आणि मुदत लिहिणे बंधनकारक व्हावे. पट्टीच्या मागे मराठीत आणि अन्य भारतीय भाषांत मोठ्या अक्षरांत मुदतीची सूचना छापावी. डोमपेरिडोन आणि लेव्होसल्पिराइड यांच्या जोडगोळ्यांची निःपक्ष तज्ज्ञांकडून फेरतपासणी होऊन अनावश्यक ठरतील त्या बाजारातून काढाव्यात. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून हेलिकोबॅक्टरची तपासणी व उपचार मोफत मिळावेत. औषध कंपन्यांच्या विक्रीनीतीची संहिता कायद्यात रूपांतरित होऊन तिची अंमलबजावणी कंपन्यांच्या हातून काढून घ्यावी. आणि कामगार संघटनांनी जेवणाची सुट्टी व पाळ्यांची रचना हा आरोग्याचा प्रश्न म्हणून मांडावा.

रॅनिटिडिनची कहाणी या बाबतीत बोलकी आहे. जवळजवळ चार दशके जगभर निर्धास्तपणे घेतल्या गेलेल्या त्या औषधात कर्करोगकारक मानले जाणारे रसायन तयार होते, असे २०१९ मध्ये आढळले. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेने ते बाजारातून काढून घेण्यास सांगितले, आणि भारताने २०२२ मध्ये आवश्यक औषधांच्या यादीतून ते वगळले. त्यामुळे किती जणांना खरोखर अपाय झाला, याबद्दल एकमत नाही. पण ज्यांना ते हवेच होते त्यांनी जोखीम काही लाभासाठी पत्करली, आणि ज्यांना नको होते त्यांनी ती फुकट पत्करली. आता प्राझोल कुळाच्याही पुढची, व्होनोप्राझानसारखी आम्लरोधक औषधे आली आहेत. तीही कोणाचे प्राण वाचवतील आणि तीही कोणाच्या डब्यात कारणावाचून साठतील. औषध बदलेल, सुरू कोणी केली आणि थांबवणार कोण, हा प्रश्न तोच राहील. तो विचारण्याचे धैर्य रुग्णाच्या अंगी यावे, यासाठी आपण त्याच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे.